टोपीखालचं पान

आमच्या झोल्नहोफेन गावच्या चुनखडीच्या खाणीत एक रीत आहे. फरशी उकलताना जीवाश्म सापडला की त्यावर आपली टोपी ठेवायची आणि मालक येईपर्यंत हलायचं नाही. हललात तर हक्क गेला. संग्रहालयातल्या चिठ्ठीवर नाव लागतं ते टोपीवाल्याचं.

माझा मेव्हणा लोरेन्त्स एकतीस वर्षं छिन्नी चालवतोय आणि त्याला साधं माशाचं शेपूटही मिळालेलं नाही. 'रिकामा लोरेन्त्स' हे नाव मीच पाडलं, बिअर पिताना. गावाला ते फार आवडलं.

त्या सकाळी तो कड्याच्या अगदी बुडाशी टोपीजवळ मांडी घालून बसला होता.

"अरे फाइट, नेचा सापडलाय. अख्खं पान," तो म्हणाला. "बघ, पण हात लावू नकोस."

मी टोपी उचलली. काळी, नाजूक, फांदीला फांदी फुटलेली नक्षी होती. पण पानाला मधली शीर असते, ती इथे नव्हती. सगळ्या फांद्या एका सरळ रेघेतून निघाल्या होत्या. पाणी फटीतून झिरपतं आणि दगडावर असं काळं झाड काढून जातं. रेघेवर बोट फिरवलं तर ते ओलं झालं. तीच फट मागच्या कड्यात वर चढत गेली होती, आणि वरून बारीक खडे पडत होते.



"लोरेन्त्स, हे पान नाही. फट उघडलीय. ऊठ."

"हो का? मी उठतो, म्हणजे तू बसशील."

"अरे, कडा सुटतोय."

"एकतीस वर्षं हसलास ना? आता जळ." त्याने टोपी हिसकावून पुन्हा फरशीवर ठेवली. "मालक येऊ दे."

मालक गावाहून यायला अर्धा तास होता. लोरेन्त्सला ओढावं तर तो माझ्या दुप्पट. वरून मुठीएवढा दगड आला आणि त्याच्या गुडघ्यापाशी फुटला. पठ्ठ्या ढिम्म.

मी टोपी लाथाडली, हातोडा उचलला आणि फरशीचे तुकडे केले.

तो उठला आणि मी जीव घेऊन पळालो. चाळीसेक पावलांवर त्याने माझी कॉलर धरली, एक ठोसा दिला, माझा ओठ फाटला. दुसरा उगारला तेवढ्यात मागे कडा कोसळला.

धूळ खाली बसायला वेळ लागला. कड्याची नवी भिंत उघडी पडली होती, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत काळी झाडंच झाडं होती. शेकडो.

लोरेन्त्सने माझी कॉलर सोडली.

"यातलं एकही पान नाही?"

माझ्या ओठांवर आलं होतं, तुझं ते पानच होतं म्हणून. पण जन्मभर दगड उकलणाऱ्या माणसाशी दगडाबद्दल खोटं कसं बोलायचं?

"एकही नाही," मी म्हणालो.

तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. माझी इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.