आजारी राणीचं कार्ड

मार्मालेड या एका शब्दाने भाचीची सकाळ नासवली होती. शब्दकोशाची नवी आवृत्ती दुपारी छापखान्यात जायची होती, आणि शब्दांच्या कार्डांचे सगळे खोके तपासून झाल्यावर नेमकं हेच कार्ड आडवं आलं होतं.

तसा शब्द गुणी. एका घरच्या पोरी दूरदूर दिल्या की प्रत्येकीच्या हाताला सासरची चव येते, तसं त्याचं झालेलं. पोर्तुगीजांकडे तो मार्मेलो नावाच्या तुरट फळाची घट्ट वडी. इंग्रजांकडे संत्र्याच्या सालींचा कडवट मुरंबा. जर्मन आणि इटालियन लोकांनी तर कुठल्याही फळाच्या जॅमला हेच नाव देऊन टाकलं. मूळ शोधत गेलं की लॅटिनमार्गे ग्रीकांच्या 'मेलिमेलॉन'पर्यंत, म्हणजे मध-सफरचंदापर्यंत पोचता येतं.

कार्डावर मात्र मामीच्या टपोऱ्या अक्षरात भलतंच मूळ होतं. मारी नावाची राणी आजारी पडली, आचाऱ्याने तिच्यासाठी संत्र्याचा मुरंबा केला आणि 'मारी मालाद', म्हणजे फ्रेंचमध्ये 'आजारी मारी', यावरून शब्द निघाला. गोष्ट गोड, पण शुद्ध थाप. तीन आवृत्त्यांत ती छापून आली होती.

मामीला जाऊन वर्ष होत आलेलं. मामा कोशाचे मुख्य संपादक; इतरांच्या काना-मात्रेवरून घर डोक्यावर घेणारे, पण ही गोष्ट येईल त्याला कौतुकाने ऐकवायचे. मामीची चूक काढायची म्हणजे त्यांच्या काळजाला हात घालायचा. नाही काढली, तर कोशावर आपलं नाव कोणत्या तोंडाने घालायचं? भाचीला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

शेवटी दुरुस्ती लिहायला तिने कार्ड उलटं केलं आणि तशीच उठून मामांच्या टेबलाशी गेली.

"मामा, मार्मालेडचं कार्ड."

"कळलं. राणी ना?" मामांनी चष्मा काढला. "खोटी आहे ती. पहिली आवृत्ती निघाली त्याच वर्षी मला खरं मूळ जुन्या पोर्तुगीज कोशात सापडलं होतं."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"अगं, हौसेनं लिहिलेलं तिचं पहिलं कार्ड ते. तिला वाईट वाटलं असतं. काढ आता."

भाचीने कार्डाची मागची बाजू त्यांच्यापुढे धरली. दुरुस्ती मागे लिहायची आणि पुढे कोपऱ्यात लाल खूण करायची, ही कार्यालयाची पद्धत. लाल खूण नव्हती, म्हणून बावीस वर्षांत कुणी ते उलटलं नव्हतं. मागे तेच टपोरं अक्षर होतं, तारीख आणि सहीसकट:

'राणी खोटी. मूळ फळाच्या नावात. खूण मुद्दाम केलेली नाही. हे ती गोष्ट फार जीव लावून सांगतात, यांना वाईट वाटेल.'

मामांनी ते दोनदा वाचलं. मग असे हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. "लबाड कुठली," ते म्हणाले. "माझ्यासमोर बसून ऐकायची गं, दर वेळी."

दुरुस्ती पक्की व्हायला दोन सह्या लागतात. भाचीने पेन उघडलं, तसं मामांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि मामीच्या सहीखाली आपली सही केली.