हत्तीपाय मोजणारी फीत

मी एक जुनी कापडी फीत आहे. माझ्या अंगावर छापील आकडे आहेत आणि सात बायकांचे दोरे आहेत. मित्रांनो, आकडे कारखान्यात आले. दोरे पवनीजवळच्या एका गावात.

१९७८ साली तिथे हत्तीपायावरच्या नव्या गोळ्यांचा अभ्यास सुरू झाला. गावातल्या सात बायकांना वर्षभर गोळ्या द्यायच्या, दर महिन्याला सुजलेली पोटरी मोजायची. मोजणारा आरोग्यसेवक ईश्वर. पहिला पाय कुंताबाईचा. जागा चुकू नये म्हणून डॉक्टरांनी पोटरीवर शाईची खूण केली होती.

एप्रिल, त्रेचाळीस सेंटिमीटर.

मे, बेचाळीस.

जून, एक्केचाळीस. "आज चप्पल घातली जी!" कुंताबाई सगळ्यांना सांगत सुटली.

जुलै

जुलैत कॉलरा आला. डॉक्टरांची जीप तिकडे गेली, गोळ्या थांबल्या, ईश्वरला गावोगाव विहिरींत पावडर टाकायला नेलं. माणसं मरत होती. जायलाच हवं होतं.

"मोजणं बंद, मावशी," ईश्वर म्हणाला.

"काहून? आमचे पाय माहेरी गेले का? फीत मले दे."

"आकडे वाचता येतात का तुले?"

"टाके घालता येतात."

भाताच्या रोवणीच्या चिखलात शाई तिसऱ्याच दिवशी धुऊन गेली. कुंताबाईने मग खुणेला गोंदण धरलं. सातही जणींच्या पोटरीवर लहानपणी गोंदलेले ठिपके होते. ठरल्या दिवशी, भाताच्या बांधीत उतरण्याआधी, ती मला त्या ठिपक्यांवरून फिरवी. टोक जिथे मिळे तिथे ज्या त्या बाईला ठरवून दिलेल्या रंगाचा दोरा टाची. जुलैला एक टाका, ऑगस्टला दोन, सप्टेंबरला तीन. सुई मला टोचे. गोळ्यांविना प्रत्येक रंग मोठ्या आकड्याकडे सरकत होता.

ऑक्टोबर लागताच डॉक्टर आले. "तीन महिने कोरे गेले. अभ्यास बंद करावा लागेल."

कुंताबाईने मला टेबलावर पसरलं. "हे घ्या तुमचे तीन महिने."

"बाई, बोटभर खाली-वर झालं तरी आकडा चुकतो. जागा तीच होती कशावरून?"

तिने लुगडं सारून पाय खुर्चीवर ठेवला. "तुमची शाई गेली जी चिखलात. हे गोंदण घासून पाहा!"

ईश्वर फसकन हसला. डॉक्टरांनी स्वतः मोजलं. चव्वेचाळीस. तिचा तीन टाक्यांचा लाल दोरा त्याच आकड्यावर होता.

ते वाकून बाकीचे टाकेही मोजू लागले. मग म्हणाले, "वरचे लोक हे मानणार नाहीत."

"मंग त्याइले इकडं आणा. सात पाय आहेत, पुरतीन."

वरचे कुणी आले नाहीत. फीत जमा करा, असं पत्र तेवढं आलं. ईश्वरने ते वाचून दाखवलं. कुंताबाईने मला पदराच्या गाठीत घट्ट बांधलं. "लिही त्याइले, मोजणं चालू आहे."

मित्रांनो, साथ आली की तिकडे धावा. पण अर्ध्यावर सोडलेल्या माणसाकडे परत या. आणि आल्यावर, मधले महिने कोरे गेले असं त्याला सांगू नका.