पुसायचा राहिलेला दोरा

बायकोचे फोटो तो लग्नापासून धरत आला होता. धरत म्हणजे अक्षरशः. तिच्या फोटोंत किटल्या, छत्र्या, खुर्च्या हवेत तरंगायच्या, आणि ज्या दोऱ्याला त्या टांगलेल्या असायच्या त्याचं दुसरं टोक चौकटीबाहेर याच्या हातात. हात भरून आले तरी हूं की चूं करायची सोय नव्हती. जरा पुढे सरकला की कॅमेऱ्यामागून तिचा आवाज यायचा, "अहो, बाजूला व्हा. फोटोत येताय." मग संगणकावर दोरा पुसला जायचा आणि लोक गॅलरीत मान तिरकी करून किटलीचा अर्थ लावायचे. किटली म्हणजे आई, असं कुणीतरी छापून आणलं तेव्हा दोघं पोट धरून हसली होती. किटली गळकी होती, म्हणून चहाच्या कामातून सुटली होती, एवढंच.

आता ती नव्हती. तिच्या शेवटच्या फोटोत एक पलंग होता आणि पलंगावर, हवेत, तिच्याच सपाता खिडकीकडे निघालेल्या. त्यांचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. त्याच्या जिवाला लागला होता तो दोरा. सपातांपासून निघून थेट डाव्या कडेपर्यंत गेलेला, ढळढळीत दिसणारा. आजारपणात तिच्या नजरेतून सुटला असणार, आणि आपण उशाशी बसून तेवढंही पाहिलं नाही. आता जगाने तिच्या चुकीवर बोट ठेवायचं, हे त्याला सोसवत नव्हतं.

प्रदर्शनात जाऊन त्याने गॅलरीवाल्या बाईंपाशी हट्टच धरला. "उतरवा तो. दोरा पुसून मग लावा."

"अहो, लोक तर त्या दोऱ्यापाशीच थांबतात. कुणी म्हणतं नाळ आहे, कुणी म्हणतं आयुष्याची दोरी."

"मासे धरायचा दोरा आहे तो. पुसायचा राहिलाय."

बाईंनी आतून फोटो साफ करणाऱ्याला बोलावलं. तिचे सगळे दोरे त्यानेच पुसलेले. तो जरा घुटमळला.

"राहिला नाही, काका. मी पुसला होता. काकूंनी परत आणायला लावला."

"कशाला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, सपाता निघाल्यात हे कुणालाही कळेल. धरून कोण उभं आहे, तेही दिसू दे की एकदा."

त्याला तो फोटो काढला तो दिवस आठवला. त्या दिवशी ती सारखी म्हणत होती, अजून थोडं धरा, अजून थोडं. आणि हा वैतागला होता, किती वेळ म्हणून.

तो फोटोच्या डाव्या कडेला, दोरा संपत होता तिथे, भिंतीला टेकून उभा राहिला. डोळे वाहत होते, ते त्याने पुसले नाहीत. समोर एका मुलीने मोबाईल वर धरला.

"काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

सवयीने त्याचा पाय उचलला गेला. त्याने तो पुन्हा जागेवर ठेवला.

"येऊ दे," तो म्हणाला.