न पाहिलेली कॅसेट

काचवाल्याला मंडळातून हाकललं. एकशे चौदा विरुद्ध शून्य. एकशे चौदांत त्याचं स्वतःचंही मत होतं.

पण हे झालंच नाही असं धरून चालू. तो अजून मंडळात आहे, मानाने आहे, आणि आज मंगळवार आहे.

काचवाला म्हणजे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणारा माणूस. मंडळ म्हणजे इंटरनेटवरचं घरगुती कॅसेट संग्राहक मंडळ. लोकांनी पूर्वी आपापल्या घरात व्हिडिओ काढले, मग घर बदलताना त्या कॅसेटी भंगारात घातल्या. त्या शोधून जपणारे आणि एकमेकांना विकणारे हे लोक. त्यांच्यात दोन तट होते. बघे म्हणायचे, कॅसेट बघावी, घरचे लोक शोधावेत, त्यांची त्यांना परत द्यावी. न-बघे म्हणायचे, बघितली की कॅसेट बाटली; खरा संग्राहक ती आयुष्यभर बघत नाही. न पाहिलेल्या कॅसेटीला भाव चौपट. दोन्ही तट एकमेकांना ‘रसिकतेचे मारेकरी’ म्हणत.

काचवाला कुंपणावर. भाव न-बघ्यांचा घ्यायचा आणि सहानुभूती बघ्यांना द्यायची.

“दुसऱ्यांची घरं जमवून तुला काय मिळतं रे?” त्याची ताई विचारायची. त्यांच्या घरी कधी कॅमेरा आलाच नव्हता. दोघं कसे रांगले, कसे पडले, याला पुरावा नाही.

“सोबत मिळते,” तो म्हणायचा.

“मग मी कोण, फर्निचर?”

तर मंगळवारी मंडळात एका बाईंचा संदेश आला. बाई पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक बघायच्या. काचवाल्याने गेल्या महिन्यात विकलेल्या कॅसेटीचा फोटो त्यांनी जोडला होता. वरच्या चिठ्ठीवर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘आमचं घर. हात लावू नये.’

“हे अक्षर माझं आहे, वय वर्षे अकरा,” बाईंनी लिहिलं. “शेजाऱ्यांचा कॅमेरा एका दुपारपुरता मागून आणला होता. आत माझी आई आहे. ती गेली. तिचा आवाज दुसरा कुठेही नाही. कृपया.”

कॅसेट घेतली होती सीलबंद काकांनी. काका न-बघ्यांचे पुढारी. घरी तीनशे कॅसेटी आणि त्या लावायचं यंत्र एकही नाही. “भावना समजतात,” काकांनी लिहिलं, “पण बाई, तत्त्व म्हणून काही आहे की नाही?” त्यावर बघ्यांनी काकांचं तत्त्व काढलं, काकांनी बघ्यांची अक्कल काढली, आणि चारशे संदेशांत बाईंची आई कुणालाच आठवेना.

काचवाल्याने मात्र उठून आपलं कपाट उघडलं. कारण काकांकडे ती आई नव्हतीच.

झालं होतं असं. त्या कॅसेटीच्या खिडकीतून आतल्या फितीवर पांढरी बुरशी दिसत होती, आणि न-बघे फीत बघत नसले तरी खिडकी भिंगातून बघतात. म्हणून त्याने पाच स्क्रू काढून बुरशीची फीत बाहेर घेतली आणि तिथे दुसऱ्या कॅसेटीतली स्वच्छ फीत बसवली; बुरशीची त्या दुसरीत. जी कॅसेट कुणी जन्मात लावणार नाही, तिच्यात काय आहे याने कुणाचं काय बिघडतं? विचार बिनतोड होता. बाईंची आई तेव्हापासून त्याच्या कपाटात, ‘पंपाची दुरुस्ती, भाग दोन’ अशी चिठ्ठी लावून पडली होती.

फीत बदलणं म्हणजे मंडळात महापाप. सांगावं तर हकालपट्टी. आणि मंडळ गेलं तर संध्याकाळी त्याच्याशी बोलणारं ताईखेरीज कोण उरणार?

“सांगून टाक,” ताई म्हणाली. “मी बोलेन तुझ्याशी. टोमणे मारीन, पण बोलेन.”

त्याने सांगितलं.

काका हादरले. “आत पंप आहे हे तू मला सांगितलंस! म्हणजे मी ती बघितल्यासारखंच झालं की! गेली ती कॅसेट!” फसवणूक लोकांनी पोटात घातली असती, न पाहिलेल्या कॅसेटीतलं उघड बोलणं मात्र दोन्ही तटांना सहन झालं नाही. मंडळाच्या इतिहासात ते पहिल्यांदाच एकमताने वागले. (पुढचं झालंच नाही असं आपलं ठरलंय.)

मग काचवाला रोज जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या खोलीत बसला. काचा पुसायच्या मऊ फडक्यात फीत धरायची, दुसऱ्या हाताने चकती फिरवायची, वीतभर पुसून झालं की फडकं बदलायचं. अडीचशे मीटर बुरशी. बाळाचं नाक पुसावं तशी त्याने ती पुसली. अकरा दिवस लागले.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, बाई आल्या. ताईने चहा केला आणि टीव्हीसमोर तीन खुर्च्या मांडल्या. आधी नुसत्या मुंग्या दिसल्या. मग एक खोली, आणि पदराला हात पुसत एक बाई.

“काय दाखवू? हा पंखा. ओरडतो. ही खिडकी, हिला ढकलावं लागतं. आणि ही आमची कॅमेरावाली, दिसत नाही, पण तिने दूध प्यायलेलं नाही.”

खुर्चीतल्या बाई हसल्या आणि हसता हसता तोंडावर हात ठेवून बसल्या. चार मिनिटं झाली. पडद्यावरची आई कॅमेऱ्याजवळ आली, इतकी जवळ की नुसतं कपाळ दिसलं. “पुरे आता. बंद कर. लोकांची बॅटरी आहे.”

आणि बंद झालं. पुढे मुंग्याच.

काचवाल्याने कॅसेट काढून हातात दिली. “ठेवून घ्या. तुमचीच आहे.”

बाईंनी पर्स उघडली, कार्यालयाचा कागद काढला आणि त्याच टेबलावर, चहाचा कप बाजूला सारून लिहायला घेतलं. ताईने खांद्यावरून वाचलं, आणि बाजूला सारलेला कप पुन्हा भरला.

प्रति,
मा. आई यांस,

विषय : चित्रीकरणास मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदया,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपल्या तोंडी आदेशानुसार कॅमेरा तत्काळ बंद करण्यात आला होता. तरी सदर आदेशाचा फेरविचार होऊन चित्रीकरण आणखी किमान पाच मिनिटे चालू ठेवण्यास मंजुरी मिळावी. बॅटरीची संपूर्ण जबाबदारी अर्जदाराची राहील. दूध पिण्यात येईल.

आपली विश्वासू,
कॅमेरावाली