जोडीतली दुसरी वही

बायकोला, उमादेवीला, माती दिली, त्याच्या तिसऱ्या दिवशी शिवमूर्तींनी फडताळातलं लाल बासन सोडलं. आत पोथी निघाली. माझ्या जोडीची वही तिथे नव्हती. त्यांच्या आईने, गुरम्माने, ती पोथी ओळखली. रिवाजाप्रमाणे बसवून माती देताना तिने सुनेची रोजची पोथी म्हणून तिच्या मांडीवर जे बासन ठेवलं, त्यात आमच्या जोडीतली पहिली वही होती. दोन्ही बासनं लाल, आणि गुरम्माला वाचता येत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी सुरांची वही आहे. बेल्जियममधल्या एका संगीतकाराने म्हातारपणी दोन व्हायोलिनांसाठी एक रचना केली. एकीची बाजू त्या वहीत छापली, दुसरीची माझ्यात. बहात्तरच्या दुष्काळात तिकडचा एक माणूस उदगीरला बोअर पाडायला आला. पाणी लागलं नाही. जाताना तो आम्हा दोघींना शिवमूर्तींकडे ठेवून गेला. ते पूर्वी हैदराबादच्या पोलीस बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे, त्यांना आमच्यावरच्या सुरांच्या खुणा वाचता येत. त्यांनी बायकोलाही वाजवायला शिकवलं. "अवघड हाय ते मला द्या," असं म्हणून तिने पहिली बाजू घेतली. दहा वर्षं दोघांनी वाजवलं. सुरू करण्याआधी ती वहीला हात जोडायची. सासूला ती पोथी वाटली, यात नवल नाही.

कोणी म्हणालं, माती उकरा. थोरले भाऊ मल्लिकार्जुन म्हणाले, ही निम्मी वही आता रद्दीत द्या. शिवमूर्ती एवढंच म्हणाले, "तिचं तिच्यापाशी राहू द्या. हे माझं हाय."

मी निम्मी नाही. माझे सूर पुरे आहेत. जिथे मी गप्प राहायचं, तिथे किती मात्रा, तेही माझ्यावर छापलेलं आहे.

त्याच वर्षी ऑगस्टात नवा लातूर जिल्हा झाला. शाळेतल्या सभेत शिवमूर्तींनी एकट्याने माझी बाजू वाजवली. मध्ये ते थांबले. लोकांना वाटलं संपलं, टाळ्या पडल्या. ते मात्रा मोजत उभेच राहिले. मागे कोणी हसलं. सून गेल्यापासून तीन महिने कुणाशी न बोललेली गुरम्मा तेव्हा बोलली.

"गप बसा. आता सून वाजवायलीय."

मात्रा पुऱ्या झाल्या आणि शिवमूर्तींनी पुढचं वाजवलं.

मित्रांनो, जोडी फुटली म्हणून उरलेल्याला रद्दीत टाकू नका. शिवमूर्ती आता उमादेवीची बाजू आठवून कोऱ्या वहीत उतरवत आहेत. शेवटची दोन पानं अजून व्हायची आहेत.