अब्दुस्समदचा धडा

म्हसळ्याजवळच्या एका शाळेत अब्दुस्समद मास्तर इंग्रजी शिकवायचा, तेही कच्च्या नोकरीवर. साल एकतीस. इन्स्पेक्टरसाहेब येणार, धडे बघणार आणि दोघांपैकी एकालाच कायम करणार, असं ठरलेलं. दुसरा कोण, तर त्याच्या बहिणीचा, फिरोजाचा नवरा नुरुद्दीन. आता घरातच शर्यत लागली म्हटल्यावर कुणाला काय बोलणार!

मुलांना एक गोष्ट काही केल्या उमजत नव्हती. इंग्रजीत 'अमक्याचं तमकं' म्हणताना नावाच्या डोक्यावर ती बारीक रेघ कशाला मारतात? अब्दुस्समदने डोकं लढवलं. मचव्यात नारळ चढवण्याआधी इथलं प्रत्येक घर आपापल्या नारळांवर कोयत्याची खूण करतं, म्हणजे मुंबईला उतरल्यावर भांडण नको. असले खुणेचे नारळच वर्गात मांडायचे, असं त्याने ठरवलं. नावावर बारीक घाव घाला, पुढे 'एस' लावा, की वस्तू त्याची झाली. बुधाजीज् कोकोनट. सफुराज् कोकोनट. रोज संध्याकाळी बहिणीच्या चुलीपुढे बसून तो या धड्याची तालीम करायचा. फिरोजा भाकऱ्या थापता थापता हसायची. बिचाऱ्याला वाटायचं, आपलं माणूस ऐकतंय.

तपासणीच्या दिवशी नुरुद्दीनची पाळी आधी आली. अब्दुस्समद दारात उभा राहून बघतो, तर टेबलावर खुणेचे नारळ! तेच शब्द, तोच घाव, मुलांना हसवायची जागासुद्धा तीच. साहेब खूश झाले. युक्ती कुणाची, असं त्यांनी विचारलं, तेव्हा दाराकडे न बघता नुरुद्दीन म्हणाला, माझीच. अब्दुस्समदने खरं बोलावं, तर बहिणीच्या संसारात बिब्बा घातल्यासारखं व्हायचं. त्याने आपल्या पाळीला पुस्तकातला कोरडा धडा कसाबसा रेटला. नोकरी नुरुद्दीनला मिळाली.

शाळा सुटल्यावर तो तडक फिरोजाकडे गेला. निदान ती तरी नवऱ्याला चार शब्द सुनावेल, अशी त्याला आशा होती.

"दुल्हाभाईंनी माझा गळा कापला गं," तो म्हणाला. "पण त्यांना कळलं कसं?"

फिरोजाने तव्यावरची भाकरी उलटली.

"मी शिकवलं त्यांना. तू एकटा जीव आहेस, समद. मला पोरंबाळं आहेत."

त्याला संताप आला, रडूही आलं. पण त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बहिणीने नुसतं ऐकून शिकवलेल्या त्या धड्यात एक शब्द चुकला नव्हता. इतकं मन लावून तिने त्याचं आजवर काहीच ऐकलं नव्हतं.