बादलीतले ओले कपडे

"हेमे गो, हात चालव! माशी बसायच्या आत बोंबील टांग!"

घिवलीच्या किनाऱ्यावरची आईची ती हाक. बांबूंना ताणलेल्या दोऱ्या, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील, आणि भिंगरीसारखे फिरणारे हेमांगीचे हात. लग्न ठरलं तेव्हा बाया म्हणाल्या होत्या, सुटलीस बाय! बोईसरला पक्कं घर, कंपनीतला नवरा.

पक्कं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. सुजीत रातपाळी करून दिवसा झोपायचा. मग सासूनं, सुनेनं, ताटवाटीनंसुद्धा गप्प राहायचं. बाहेर कारखान्यांचा उग्र वास, म्हणून खिडकी बंद. त्या मुक्या अंधारात हेमांगीच्या मनाला हळूहळू बुरशी धरली. जेवण नको, अंघोळ नको. फोनवर आईला मात्र, "बरी हाय." सुटलेल्या पोरीनं रडायचं कुठल्या तोंडानं?

आज तिची आई, रंभाबाई, बाजारात टोपली रिकामी करून अचानक दारात उभी राहिली.

"हळू हं, विहीणबाई, सुजीत झोपलाय," सासू कुजबुजली आणि तिनं मोरीकडे बोट केलं. "बघा, कालचे कपडे अजून बादलीत. गच्चीवर जायचा कंटाळा येतो तुमच्या लेकीला. आमच्या साताऱ्याकडं असल्या आळशी सुनेला कुणी दारात उभं करत नाही."

हेमांगी भिंतीकडे सरकली. अंगाचा आंबूस वास आईपर्यंत पोचू नये एवढंच तिला वाटत होतं.

रंभाबाईनं बादलीतला एक पिळा उचलून पाहिला. "वाळवनात वाढलेली पोर ही. ओलं ठेवायची नाय कदी. आळशी असती तर आमीच नसती का हाकलली, विहीनबाई?" मग ती लेकीजवळ टेकली. "काय गो बाय?"

"बरी हाय, आये."

"कशी हायस ते नाय इचारलं. गच्चीवर का नाय जात?"

सुजीत उठून बसला होता, तांबारल्या डोळ्यांनी. "काय झालं?"

तिघं आपल्याकडेच बघताहेत, हे हेमांगीला सोसवेना. ती फरशीकडे बघत बोलली.

"कठड्यापाशी गेले ना, की पाय मागं फिरत नाहीत. खाली बघत राहते. मला माझीच भीती वाटते, अहो. लई दिवस झाले."